आंबट मातीत, गोड पितळेत

टण्ण!

घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणून तो आवाज फार मोठा वाटला. माळ्यावरून माझं झाकण घरंगळलं आणि खाली पाट्यावर आदळलं. तूर निवडत बसलेल्या शकुननं दचकून वर पाहिलं. कितीतरी वर्षांनी तिची नजर माझ्यावर पडली. तिनं झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि ते कुठं ठेवावं हे न कळल्यासारखी ती हातात धरून उभी राहिली.

मित्रांनो, ज्याचं ते झाकण, तो मी. एक जुना पितळी गंज. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे बरं. आमच्या वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात. माझ्या काठावर ठिपक्यांनी 'गोदाबाई' असं नाव कोरलेलं आहे. गोदाबाई म्हणजे या घरची सासू. शकुन तिची सून.

माझा जन्म अमरावतीला एका तांबटाच्या दुकानात झाला. तुम्ही दूध पिऊन मोठे होता, मी हातोडीचे ठोके खाऊन मोठा झालो. गोदाबाईच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण म्हणून घेतलं आणि बैलगाडीत, तांदळाच्या पोत्यावर पालथा बसून मी चांदूर बाजारजवळच्या या गावात आलो. घरामागं संत्र्याची लहानशी बाग होती. बहार आला की सगळा वाडगा, म्हणजे घरामागचं आवार, गोड वासानं भरून जायचा, आणि दुधाच्या सायीलासुद्धा तो वास लागायचा.

घरात एक नियम होता, गोदाबाईच्या सासूच्याही आधीचा. आंबट मातीत, गोड पितळेत. दूध, खीर, वरण माझ्यात. ताक, कढी, चिंचेचं सार शेजारच्या काळ्या गाडग्यात. पितळेला आंबट लागलं की ते कळकतं, त्याचं विष होतं, हे वऱ्हाडातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असे. म्हणून माझ्या पोटात कथलाची पांढरी कल्हई असायची. ती असली की मी निर्धोक.

ती कल्हई लावायला उस्मानचाचा यायचा. अंगणात खड्डा करून तो भाता बसवायचा. मी निखाऱ्यावर लाल व्हायचो, तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्यानं तो कथील असं फिरवायचा की माझ्या पोटात चंद्र उगवायचा. मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र! पोरं टाळ्या पिटायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

शकुन या घरात आली, तिला वच्छला झाली, मग खुशाल झाला. वच्छला शहाणी, कामाची. खुशाल अंगानं किरकोळ, जेवायला कुरकुऱ्या. भाकर दिली की तोंड फिरवायचा. संत्र्याची उतरणी, म्हणजे तोडणी, लागली की शकुनला उजाडायच्या आत बागेत जावं लागे. व्यापाऱ्याच्या टोपल्या भरून भगवंतची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, गाडी अमरावतीला निघायची. सकाळी चूल पेटवायला तिला सवडच नसे. मग तिनं एक युक्ती काढली. रात्रीच्या स्वयंपाकातच ती ज्वारीच्या कण्यांना एक वाफ द्यायची, त्या निवल्या की ताकात भिजवायची, संत्र्याचा रस पिळायची, फोडी सोलून टाकायची, वर गूळ. रात्रभर गाडग्यात राहून कण्या फुलायच्या, त्यांना केशरी रंग चढायचा. सकाळी नुसतं वाढायचं.

खुशाल त्या कण्यांसाठी वेडा होता. डोळे चोळत उठायचा तो थेट गाडग्यापाशी.

"माय, फुगल्या काय वं?"

"फुगल्या रे राजा. तोंड तर धू आधी."

"कण्या पळून गेल्या तं?"

"कण्याले पाय असतात काय?"

"रातीच्याले असतात," तो म्हणायचा. शकुन हसायची. सासरे केशवराव अंगणातून ओरडायचे, "सूनबाई, माह्या वाट्याच्या ठेवजो वं! तो पोट्टा गाडगं चाटून ठेवते!"

फळीवर बसून मी हे सगळं पाहायचो. खरं सांगू मित्रांनो, मला त्या काळ्या गाडग्याचा हेवा वाटायचा.

मग लढाई आली. आमच्या गावात कुणी बंदूक पाहिली नाही, पण रॉकेल गेलं, कापड गेलं आणि कथील गेलं. उस्मानचाचा आला तो रिकाम्या झोळीनं. ओट्यावर बसून पाणी प्याला.

"कथीलच नाई मावशी," तो गोदाबाईला म्हणाला. "ते समुंदरापारून येत होतं. जपानवाल्यानं तो मुलुखच घेतला."

"मंग आमी का बिनकल्हईच्या भांड्यात रांधाचं?"

"हाये तेवढी कल्हई जपून वापरा. आतून हलक्या हातानं घासा, नुसती राख लावा. बस."

गोदाबाईनं ते ऐकलं. शकुननंही दाराआडून ऐकलं. कल्हई पातळ होत गेली, तशी शकुन मला आतून मऊ फडक्यानं, लेकराचं अंग पुसावं तशी पुसायला लागली. मला ते फार आवडायचं.

त्या हिवाळ्यात केशवराव गेले.

सुतक फिटलं तेव्हा घर शुद्ध करायचं होतं. तुम्हाला माहीत असेल, सुतकातली मातीची भांडी ठेवत नाहीत. रांजण, मडकी, तवी, सगळं उकिरड्यावर गेलं. काळं गाडगंही गेलं. ते फुटल्याचा आवाज मी फळीवरून ऐकला.

"माती धुवून चोखी होत नाई," गोदाबाई म्हणाली. "पितळ होते. वच्छले, हे गंज घे. चांगलं घास. आतून बाहेरून. तुह्या आजोबाचं सुतक गेलं पायजे."

वच्छला तेव्हा केवढीशी होती! मला दोन्ही पायांत धरून ती वाडग्यात बसली. राख घेतली, विटकर घेतली, आणि बाहेरच्या अंगाला लावायची ती चिंच तिनं आतूनही चोळली. आजोबांसाठी चोळली. डोळ्यातलं पाणी मनगटानं पुसायची आणि पुन्हा घासायची. उरलीसुरली कल्हई काळपट पाण्याबरोबर मोरीत वाहून गेली आणि मी आतूनही सोन्यासारखा पिवळा झालो.

"वाऽ माही पोट्टी!" गोदाबाई म्हणाली आणि तिनं नातीच्या केसांवरून हात फिरवला. "आरसा केला आरसा! तोंड दिसते त्याच्यात."

वच्छला माझ्यात वाकून पाहत राहिली. तिचं लहानसं तोंड माझ्या पोटात हसलं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

कुंभार मडकी घेऊन यायचा तो बाजाराच्या दिवशी. बाजाराला अजून अवकाश होता. इकडे उतरणी खोळंबलेली, व्यापारी दारात. आजोबा गेल्यापासून खुशाल नीट जेवला नव्हता. सारखा म्हणायचा, "कण्या दे." संध्याकाळी शकुन हातात संत्री घेऊन माझ्यासमोर थांबली आणि सासूला म्हणाली,

"मामीजी, गाडगं तर नाई. आंबट कशात ठेवू?"

गोदाबाई नवऱ्याच्या रिकाम्या खाटेकडं पाहत बसली होती. "गंजात ठेव. एका रातीनं का होते? आताच तं पोरीनं धून पुसून चोखं केलं."

शकुन क्षणभर घुटमळली. तिन्हीसांजेच्या अंधारात माझी कल्हई गेलेली तिला दिसली नाही. मग आतून खुशालचा आवाज आला, "माय, भिजवल्या काय वं?" आणि तिनं माझ्यात रस पिळला.

त्या रात्री पहिल्यांदा त्या कण्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो.

अंधार असतानाच शकुन उठली. चिमणी वाऱ्यानं विझायची, म्हणून तिनं ती लांब कोनाड्यात ठेवली होती. तिनं बोटानं चव घेतली. तोंड थोडं वाकडं झालं. "बी चिरडली वाटते," ती स्वतःशी म्हणाली आणि आणखी एक गुळाचा खडा कुस्करून घातला.

वच्छलानं दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. खुशालनं सगळं खाल्लं, वाटीही चाटली. वच्छलाची उरलेली वाटी ओढून घेतली.

"पाह्य माय," तो म्हणाला, "मी आबाच्या वाट्याच्याबी खाल्ल्या."

शकुनला इतकं बरं वाटलं की ती बागेत जाताना दोनदा मागं वळून पाहत गेली.

ऊन चढलं तेव्हा वच्छला धावत तिला बोलवायला गेली. वच्छलालाही उलट्या झाल्या होत्या, पण ती उभी होती. खुशाल उभा नव्हता. त्याच्या पोटात काही राहीना. शेजारच्या माणिकबाईनं मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेही बाहेर आलं. गावात दुसरी गाडी नव्हती. भगवंत अमरावतीच्या रस्त्याला लागलेला. शकुन खुशालला मांडीवर घेऊन बसली. त्याचे तळवे चोळत राहिली.

"थांब रे राजा. बाबा येऊन राहिले. गाडी येऊन राहिली."

गाडी आली तेव्हा दिवे लागले होते. ती गाडी कशाच्याही उपयोगाची नव्हती.

माणसाला कारण लागतं, मित्रांनो. कारणाशिवाय त्याला रडताही येत नाही. गोदाबाईला कारण सापडलं. "थंडीच्या दिवसात रातभराचं संत्रं चारलं लेकराले. पोटात सरदी बसली. सकाळी उठून चूल पेटवाचा कंटाळा, दुसरं काय!" ती हे एकदा म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, मग तिला ते म्हणायची सवय झाली. शकुननं कधी उलट उत्तर दिलं नाही. कारण तिलाही तेच वाटत होतं. घरची बाग असून तिनं पुन्हा संत्र्याची फोड तोंडात घातली नाही. संत्री तोडायची, टोपल्या भरायची, आणि हाताला वास लागला की राखेनं हात घासायची, कातडी लाल होईपर्यंत.

कण्या त्या घरात पुन्हा शिजल्या नाहीत. मला कुणीतरी विसळलं आणि माळ्यावर पालथं टाकलं. पालथ्या भांड्याच्या पोटात कोण पाहतो? माझ्या तळाशी एक हिरवं वर्तुळ उरलं होतं. खरं कारण तिथं होतं, हाताच्या अंतरावर, आणि ते मला सांगता येत नव्हतं. खाली शकुन स्वतःला दोष देत जगत होती आणि वर मी मुका पडून होतो. माझ्यावर धूळ चढली. कोळ्यांनी जाळी केली. दिवाळ्या आल्या तशा गेल्या.

एवढं एकच मागणं आहे माझं, मुलांनो. भांडं बाहेरून चकाकतं का, हे सगळेच पाहतात. तुम्ही आत पाहत जा. घरातल्या जुन्या भांड्याला वेळेवर कल्हई लावा, आणि लावता आली नाही, तर त्याला फळीवर रिकामं बसू द्या. रिकामं भांडं कुणाचं वाईट करत नाही.

तर, झाकण पडलं. शकुन ते हातात धरून उभी होती, आणि तेवढ्यात बाहेरून आरोळी आली.

"कल्हईऽऽवाला! कल्हईऽऽ!"

लढाई संपून गेली होती. उस्मानचाचाची दाढी पांढरी झाली होती, पण झोळीत कथील होतं. वच्छला उंच झाली होती. तीच माळ्यावर चढली, तिनं मला खाली आणलं, अंगणात भात्याजवळ ठेवलं, आणि लहानपणच्या सवयीनं स्वतःच भाता धरून बसली.

"वच्छला व्हय काय ही? अरे बाप्पा! केवढी झाली!" चाचा हसला. "अन् थो भाऊ कोठी हाये तुहा? भाता मागत होता माह्याजवळ."

शकुननं हातातलं झाकण छातीशी धरलं. चाचानं शकुनकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "अल्ला," एवढंच म्हणाला, आणि त्यानं मला उचललं. उन्हाकडं तोंड करून फिरवलं. बोट आत घालून तळ पुसला. बोट हिरवं निघालं.

"सूनबाई," तो सावकाश म्हणाला, "याच्यात आंबट ठेवलं होतं काय?"

"एका रातीपुरतं," शकुन म्हणाली.

"कशाचं?"

"संत्र्याचं. लेकराच्या कण्या..." आणि ती थांबली. मी तिचा चेहरा पाहत होतो. इतक्या वर्षांचं काहीतरी त्या चेहऱ्यावरून उतरलं, आणि त्याहून जड काहीतरी चढायला लागलं. ओट्यावरची गोदाबाई खांबाला धरून खाली बसली.

चाचानं मला पुन्हा उन्हात धरलं. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तो नुसता बोलत राहिला, कारागीर बोलतो तसा. "कथलाचा टिपूस राहू देल्ला नाई. असं झिजून जात नाई हे. ओरखडे पाहा. आतून चिंच लावली, वीट लावली, रगडून रगडून काढलं..."

भाता थांबला.

निखाऱ्यांवर राख चढायला लागली. वच्छलाचा हात भात्याच्या दांड्यावर तसाच होता. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आजीकडं, मग आईकडं.

"माय," ती म्हणाली, "मी लय घासलं होतं काय वं?"