दोघींचं एक वाक्य

थोरलीला इंग्रजी शिकायची हौस नव्हती, गरज होती. मुलगा दूरदेशी, सून तिकडचीच, आणि नातवंड येऊ घातलेलं. महिनाअखेरीस थोरली आणि तिचे यजमान कायमचे तिकडे राहायला जाणार होते. सुनेशी फोनवर तिचं संभाषण म्हणजे ‘हाऊ आर यू’ आणि ‘फाइन’. त्यापुढे दोघी पडद्यावर एकमेकींकडे बघून इतकं हसत राहायच्या, की थोरलीचे गाल दुखून यायचे.

म्हणून तिनं सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरणारा संध्याकाळचा वर्ग धरला. तिथल्या मास्तरांना सगळे जोडसर म्हणत. उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम खडू लागलेला आणि डोक्यात एकच खूळ.

“आय गो. आय बाय. आय कम,” असं कुणी म्हणालं की ते कपाळाला हात लावत. “उचकी लागलीय का? जोडा! माणसं बोलताना जोडून बोलतात!”

फळ्यावर त्यांनी चारच शब्द लिहून ठेवले होते. अँड, बट, ऑर, सो.

“अँड म्हणजे अजून सांगायचंय. बट म्हणजे थांबा, दुसरी बाजू आहे. ऑर म्हणजे तुम्हीच ठरवा. आणि सो म्हणजे, म्हणून पुढे असं झालं. बाजारहाट, ऑफिस, भांडण, सगळं एवढ्यात भागतं. फक्त दोन्हीकडची वाक्यं आपापल्या पायांवर उभी राहणारी हवीत. इथे कुणी कुणाच्या हाताखालचं नाही.”

त्यांची शिकवायची रीतही त्यांच्यासारखीच. एका बाकावर दोघं. पहिल्यानं अर्धं वाक्य बोलून थांबायचं, शेजारच्यानं फळ्यावरचा शब्द लावून स्वतःचं वाक्य पुढे जोडायचं. खोटं बोलायचं नाही, एवढी एकच अट. आणि एकदा बाक ठरला की तो शेवटपर्यंत बदलत नसे.

पहिल्या दिवशी थोरली धापा टाकत जिना चढून आली, तेव्हा एकच जागा रिकामी होती. शेजारी बसली होती तिची धाकटी जाऊ.

आता ही गंमत म्हणावी की शिक्षा, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. दोघी एकाच घरात राहत. घराचे दोन भाग, मध्ये एक दार. दाराच्या अलीकडे थोरलीचं स्वयंपाकघर, पलीकडे धाकटीचं. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून ते दार बंद होतं आणि दोघींची तोंडंही. धाकटी डोळ्यांच्या इस्पितळात कामाला होती. आता तिला पुढच्या खिडकीवर बसवणार होते, तिथे इंग्रजी लागणार होतं, म्हणून ती आलेली. उठून जावं तर फी भरलेली. थोरली बसली, पण बाकाच्या अगदी कडेला.

“आय वेक अप अर्ली,” सरांनी खूण केल्यावर ती फळ्याकडे बघून म्हणाली.

“बट आय स्लीप लेट,” धाकटीनंही फळ्यालाच सांगितलं.

“वा! दोघींचं एक वाक्य!” जोडसरांनी टाळी वाजवली. वर्ग सुटल्यावर दोघी एकाच घराकडे निघाल्या, एक रस्त्याच्या या कडेनं, दुसरी त्या.

भांडण म्हणाल तर एका वाक्याचं होतं. सासूबाई कितीतरी महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं सगळं थोरलीनं केलं, कारण धाकटीची नोकरी. सासूबाई गेल्या आणि सगळे नातेवाईक जमले, तेव्हा धाकटी हुंदके देऊन रडायला लागली. कित्येक रात्रींची झोप नसलेली थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, “रडायला बरी सवड मिळाली!” धाकटीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. त्याच संध्याकाळी पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला. धाकटीनं दार लावून घेतलं, असं थोरली येईल-जाईल त्याला सांगत असे.

वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. सकाळी थोरली बंद दाराशी ठेवलेल्या पिठाच्या पिंपावर कोपर टेकून धडा घोकत होती. तेवढ्यात नळ फुसफुसला.

“वॉटर इज कमिंग,” ती मोठ्यानं म्हणाली.

दारापलीकडून आवाज आला, “सो फिल द बकेट.”

यजमानांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. “कोण बोललं?”

“कुणी नाही. अभ्यास चाललाय.”

“धाकटीशी?”

“इंग्रजीत.”

“अगं, मग ते बोलणंच झालं की!”

“इंग्रजीत बोलणं म्हणजे काही बोलणं नव्हे,” थोरली म्हणाली आणि बादली नळाखाली सरकवली. यजमानांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं. कुठे गप्प बसावं हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मग ते रोजचंच झालं. मराठीत अबोला शाबूत, इंग्रजीत मात्र दोघींची जीभ सुटलेली. “माय नी इज पेनिंग,” थोरली कण्हत म्हणे. “ऑर यू आर लेझी,” पलीकडून उत्तर येई, आणि थोरली हातातला झारा धरून एकटीच हसत सुटे. दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराच्या कडीला शेकायची रबरी पिशवी लटकलेली दिसली. कुणी ठेवली ते थोरलीनं विचारलं नाही. गुडघा शेकला आणि पिशवी स्वतःजवळच ठेवून घेतली.

तिकिटं हातात आली तेव्हा थोरलीनं आधी त्या बंद दाराकडे पाहिलं. मुलाकडे जायचा आनंद होताच. पण हे दार असंच ठेवून आपण गेलो, तर ते जन्मभर असंच राहणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तिला धाकटीची माफी मागायची होती. मराठीत मागायला ती भीत होती, कारण स्वतःला ती पुरती ओळखून होती. ‘मी बोलले खरी,’ एवढं झालं की मागोमाग ‘पण’ येणार, आणि त्या ‘पण’च्या पाठीमागे औषधाच्या वेळा, ओल्या चादरी, जागरणं, सगळी वरात बाहेर पडणार. इंग्रजीत चादरींबद्दल तक्रार करण्याइतके शब्दच तिच्याकडे नव्हते. हे एक बरं होतं.

शेवटच्या वर्गात जोडसरांनी एकेका बाकाला उभं केलं. थोरलीनं घरून वाक्य पाठ करून आणलं होतं.

“आय सेड अ बॅड थिंग टू यू,” ती म्हणाली, “इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी,” आणि नियमाप्रमाणे थांबली.

धाकटी फळ्याकडे बघत राहिली. वर्ग वाट बघू लागला.

“जोडा की,” सर म्हणाले. “बट घ्या, सो घ्या. सोपं आहे.”

धाकटीनं पर्स उचलली. “मला ड्यूटीवर जायचंय सर,” असं मराठीत म्हणून ती जिना उतरून गेली. थोरली उभीच. जोडसरांना उशिरा का होईना, काहीतरी उमगलं. “बसा बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “एखाद्या वाक्याला वेळ लागतो.”

घरी जाताना तिनं धाकटीच्या वतीनं फळ्यावरचे शब्द लावून पाहिले. बट तू कधी माफी मागितली नाहीस. सो मी दार लावलं. सगळं खरं होतं, सगळं जोडणीला बसत होतं, आणि कशातच पुढे जायला जागा नव्हती. तिला फार वाईट वाटलं. पुढचे दिवस पलीकडून चमचा वाजल्याचाही आवाज आला नाही. “वॉटर इज कमिंग,” असं तिनं एकदा म्हणून पाहिलं, पण नळ एकटाच वाहत राहिला.

निघायच्या आदल्या दुपारी यजमान बॅगांना कुलपं आणायला बाहेर गेले होते. थोरली उरलेली भांडी कागदात गुंडाळत बसली होती. कागदाची कुरकुर थांबली तेव्हा तिला दारापलीकडे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं.

“अँड,” धाकटीचा आवाज आला.

थोरलीचा हात जागच्या जागी राहिला.

“अँड आय वॉज नॉट देअर.” तिनं नाक ओढलं. “अँड यू वेअर व्हेरी टायर्ड.”

थोरलीनं तोंडाला पदर लावला. चारांपैकी हा शब्द तिनं धरलाच नव्हता. अजून सांगायचंय, असं धाकटी म्हणत होती. आणि बसल्या जागीच, मांडीवरच्या गुंडाळलेल्या पातेल्यासकट, थोरली रडली.

मग पलीकडची कडी वाजली. इतक्या दिवसांत गंजली असावी, दोनदा अडकली, शेवटी खाड्कन सुटली. दार हललं, थोरलीच्या बाजूला चार बोटं उघडलं आणि ठण् करून थांबलं. फटीतून धाकटीचा अर्धा चेहरा दिसत होता, नाक लाल झालेलं.

“उघडत नाहीये, जाऊबाई,” ती म्हणाली. मराठीत. “काहीतरी अडतंय.”

थोरलीनं वळून पाहिलं. पिठाचं पिंप. त्या संध्याकाळी कडीचा आवाज ऐकल्याबरोबर, रागानं लाल होऊन, तिनंच ते कोपऱ्यातून ओढत आणून दाराला लावलं होतं. पुढे ते तिथलंच झालं. कितीदा त्यावर कोपर टेकून ती धाकटीनं दार लावलं म्हणून सांगत बसली होती.

“थांब,” ती पदरानं डोळे पुसत उठली. “कडी तुझी होती आणि पिंप माझं.”

पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि गुडघा दुखत होता. तिनं दोन्ही हातांनी कडा धरल्या.

“मी ओढते,” ती म्हणाली, “तू तिकडून ढकल.”