आमच्या खोऱ्याचा निळा पट्टा

मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. तरी काचेला नाकं लावून उभेच आहात, तर ऐका. मित्रांनो, मी एक जुनं फुलपाखरू आहे. नर, छातीत टाचणी. जिवंत होतो तेव्हा माझ्या पंखांच्या वाऱ्याने वाटसरूंच्या टोप्या उडत. एका घारीला तर मी दरीपार पिटाळलं होतं.

आमची जात उष्ण जंगलांत सगळीकडे आढळते. काळे पंख, त्यांवर पांढरे ठिपके. आमच्या एका खोऱ्यात मात्र ठिपक्यांच्या जागी अखंड निळा पट्टा असे. त्या पट्ट्याची आम्हाला भारी मिजास. तीच नडली.

ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर आम्ही नर थव्याने खारट पाणी प्यायला बसायचो. तिथे एक प्राध्यापक जाळं घेऊन आले. मागे त्यांची बायको, हातात डबा.

"ही वेगळी उपजात आहे," प्राध्यापक म्हणाले. "माझी."

"मग एक घ्या आणि चला. ऊन बघा किती झालंय."

"एकाने कोण ऐकतं? म्हणतील, चुकून तसा निपजला. सगळे असेच आहेत हे दाखवायला ढीग लागतो."

ढीग जमला. नर, माद्या, पानांवरच्या अळ्यासुद्धा. घरी बाईंनी आमचे पंख फळीवर पसरून कागदाच्या पट्ट्यांनी दाबले. उपजातीला प्राध्यापकांनी बायकोचंच नाव दिलं.

"खूश ना?"

"एखादं जिवंत ठेवलं असतंत, तर झाले असते," बाई म्हणाल्या आणि पुढचा पंख सरळ करू लागल्या.

पुढे खोऱ्यातली झाडं तोडायचं ठरलं. आधी पाहणी झाली. निराळा एखादा जीव तिथे सापडला, तर जंगल वाचणार होतं. पाहणीवाले ओढ्याकाठी बसून राहिले. वाळूवर कुणीच उतरलं नाही. आम्ही सगळे इथे संग्रहालयाच्या खणात होतो, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. करवती सुरू झाल्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, आवडलेली वस्तू जागच्या जागी राहू द्या. आपली म्हणवण्यासाठी ती मुळासकट उचलू नका.

पण असे चेहरे पाडू नका. एक जोडी निसटली होती, मी या डोळ्यांनी पाहिलंय. आजही त्या ओढ्यावर निळे पट्टे असे दाटीने उतरतात, की खालचं पाणी दिसत नाही, आणि सकाळी तर...

"खोटं," पुढे उभी असलेली मुलगी म्हणाली. "खालच्या चिठ्ठीवर आमच्याच गावाचं नाव लिहिलंय. तिथे ओढाच नाहीये."