पोष्टातली नोकरी

मोनालीला पोष्टात नोकरी लागली, ही बातमी तिच्या आईनं, पंचफुलानं, दोन दिवसांत गावभर केली. गाव नेर या तालुक्याच्या ठिकाणापासून कोसभरावर, घरं मोजकी. तिथं बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागणार! हापशीवर शेजारच्या कोकिळा मावशीनं मोनालीला गाठलंच.

"पोष्टात लागली म्हंते तुही आई? मंग आता आमचं टपाल येईन बाई टायमावर."

मोनाली कसनुसं हसली आणि घागर उचलून घरी आली. 'पोस्टडॉक' हा शब्द तिनंच आईसमोर उच्चारला होता आणि समजावून सांगायचा कंटाळा केला होता. पीएचडीनंतरचं दोन वर्षांचं संशोधन, तेही जर्मनीत. पोष्टाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

रेल्वेच्या सिग्नलमागचा संगणक दोन गाड्या एका रुळावर कधीच सोडणार नाही, हे नुसतं तपासून नव्हे तर गणितानं सिद्ध करायचं, हे तिचं काम. त्याबद्दल दोन शब्द बोलावेत असं गावात कुणी नव्हतं. चौदा ठिकाणी अर्ज केले. तेरा नकार तिनं एकटीनं गिळले, आणि चौदावा होकार आला तेव्हा समोर फक्त शेळी बांधलेली होती. आज पाचच्या आत उत्तर कळवायचं होतं.

अडत होतं ते आईपाशी. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, वेचणीची बोलावणी बंद झाली. सकाळीच बायकांबरोबर हसतखिदळत रानात जाणारी पंचफुला आता दिवसभर दारात बसून असायची. तिला अशी टाकून कसं जायचं?

सिद्धतेतली चूक बहुधा गणितात नसते, गृहीत धरलेल्या गोष्टीत असते, असं पीएचडी करताना ती आपल्या विद्यार्थ्यांना बजावायची. आईला काही कळत नाही, हे मात्र तिनं खुशाल गृहीत धरलं होतं.

साडेचारच्या सुमारास ती आईजवळ उंबऱ्यावर टेकली. पंचफुला तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आई, ते पोष्टाचं नोको सांगू लोकायले. ते काम जर्मनीत हाय. दोन वर्षं."

"मालूम हाय मले. तू सरायसंग फोनवर बोलून राह्यली होती, तवाच आयकलं. आज पाचच्या आत सांगा लागते, तेबी."

"मंग पोष्ट काहून सांगतलं?"

पंचफुलाचे हात थांबले नाहीत. "परदेशात चालली म्हटलं असतं त लोकायनं इचारलं असतं, पंचफुले, मंग तू कोनाजवळ राह्यशीन? काय सांगू म्या त्यायले? पोष्ट म्हटलं त कोनी काई इचारत नाई."

मोनालीनं एक शेंग हातात घेतली. आईनं एकदा, एकदाच म्हणावं, नोको जाऊ. तेवढ्यानं ती राहिली असती.

"पाच वाजाले आले," पंचफुला म्हणाली. "पान्याच्या टाकीजवळ रेंज चांगली येते. जाय."

टाकीजवळ उभं राहून मोनालीनं होकार पाठवला. परत आली तेव्हा कोकिळा मावशी दारात येऊन बसली होती आणि पंचफुला तिला सांगत होती, "नाई वो, दूर कायची? नेरलेच हाय. रोज संध्याकाळी घरी येईन."