पाण्याच्या जगातला सोडा

मित्रांनो, माझं नाव जग. दुनियेला जग म्हणतात तो मी नव्हे. मी आपला साधा, जुना, प्लॅस्टिकचा पाण्याचा जग. एक कान, एक तोंड आणि भलंमोठं पोट, एवढाच माझा संसार. पण ह्याच पोटात एकदा असं काही भरलं गेलं, की एका भल्या माणसाचा जीव माझ्यापायी जाता जाता राहिला. ती दुपार आठवली की आजही मला धड उभं राहवत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला नीटसं आठवत नाही. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं, साचा धाडकन मिटला आणि उघडला तेव्हा मी होतो. माझ्या बुडावर एक बारका त्रिकोण आणि त्यात पाचाचा आकडा उमटवला होता. तो कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही. समुद्राकाठच्या बानी गावाच्या बाजारात माझ्यासारख्या जगांची उतरंड लागली होती. त्यातून नेरेईदा नावाच्या बाईनं मला उचललं, उलटं केलं, टिचकी मारली आणि विकणाऱ्याला म्हणाली, "हा टिकेल बरं का. तुझ्यासारखा पोकळ नाही."

तिच्या घरी माझे दिवस फार चांगले गेले. रोज दुपारी ती माझ्यात सरबत करायची. कधी चिंचेचं, कधी पेरूचं, उन्हाळ्यात लिंबाचं. तिचा नवरा एलादिओ आंब्याच्या बागेत राबायचा. तो घामाघूम होऊन आला की डोक्यावरची टोपी काढायच्या आधी माझा कान धरायचा. शेजारची म्हातारी फेफा, मानानं सगळे तिला दोन्या फेफा म्हणायचे, ती तर कुंपणावरून ओरडायची, "नेरेईदा, त्या जगाला माझ्याकडेही पाठव की गं कधी! त्याला पाय फुटले म्हणून काही बिघडत नाही!" सगळे हसायचे. मला वाटायचं, आपण ह्या घरातलंच एक माणूस आहोत.

मग नेरेईदा आजारी पडली आणि गेली. मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यात सरबत झालं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणाचा हात झाला नाही. एलादिओ रोज सकाळी मोठ्या बाटल्यातलं पाणी माझ्यात भरायचा, मला टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि बागेत जायचा. दुपारी आला की न बघता हात पुढे करायचा. माझ्या पोटात काय आहे ते त्यानं कधी वाकून पाहिलं नाही. कशाला पाहील? त्यानंच तर भरलेलं असायचं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची मुलगी युडेल्का. आई गेल्यावर तिनं साबण करायचं मनावर घेतलं. बाजारात मिळतो तसला पिवळा, चौकोनी नव्हे. आत रंगांच्या लाटा असलेला. मला ते बघत बसायला आवडायचं. खोबरेल आणि एरंडेल एका पातेल्यात घ्यायचं. दुसरीकडे पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवायचा. दोन्ही निवलं की एकत्र करून विजेच्या रवीनं घुसळायचं. मिश्रण पातळ खिरीइतकं झालं की त्याचे दोन भाग, एक पांढरा राहू द्यायचा, दुसऱ्यात निळा रंग. मग लाकडी पेटीत एकदा ह्याची धार, एकदा त्याची, आणि वाकवलेल्या तारेनं आतून वळणं काढायची. रेंगाळलं तर सगळं दगड होतं. घाई केली तर दोन्ही रंग एकमेकांत मिसळून राखेसारखे होतात. तेवढा वेळ युडेल्का श्वाससुद्धा जपून घ्यायची. दुसऱ्या दिवशी लादी कापली की प्रत्येक वडीवर निराळी लाट निघायची, आणि ती पोर एकटीच टाळ्या पिटायची.

एलादिओला हे काही पटत नव्हतं. "अंग घासायला नक्षी कशाला लागते? मळ काय नक्षी बघून निघतो?" असं तो म्हणायचा. पण लोकांना त्या वड्या आवडू लागल्या होत्या. दोन्या फेफाच्या पणतूचं बारसं चर्चमध्ये ठरलं, तेव्हा पाहुण्यांना द्यायच्या निळ्या-पांढऱ्या वड्या तिनं युडेल्कालाच सांगितल्या. हा साबण महिनाभर वाळवावा लागतो, म्हणून त्याचा घाणा त्याच आठवड्यात करायला हवा होता.

आणि मग तो दिवस उजाडला. उजाडला तोच भांडणानं.

एलादिओचा पिवळा साबण संपला होता. त्यानं कुणाला न विचारता फळीवरची, आदल्याच दिवशी कापलेली वडी उचलली आणि अंघोळीला गेला. थोड्या वेळानं मान खाजवत, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"युडेल्का! तुझी लाट मला चावली! ही मान बघ, कशी लालबुंद झालीय!"

"पपा, ती कच्ची आहे! वाळायच्या आधी वापरतात का? विचारायचं तरी!"

"माझ्या घरात अंघोळ करायला मी तुझी परवानगी काढू?"

"नका काढू. बसा मग खाजवत!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण एलादिओचं डोकं फिरलं होतं. तो म्हणाला, "तुझी आई असती ना, तर हे विषारी सामान तिनं केव्हाच उकिरड्यावर फेकलं असतं."

युडेल्काचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं मला भरलं, टेबलावर आपटलं, टोपी घेतली आणि निघाला. आमच्याकडे आई-बापाची गाठ पडो किंवा ताटातूट होवो, लेकरू आधी आशीर्वाद मागतं आणि मोठ्यांनी तो द्यायचा असतो. मग घरात कितीही तंटा असो. त्या सकाळी युडेल्कानं आशीर्वाद मागितला नाही, आणि एलादिओ दारात थांबलाही नाही. मला ते फार वाईट वाटलं.

रागाच्या भरातच तिनं साबणाचं सामान काढलं. सोडा कालवायचं तिचं भांडं बघते तर बुडाशी तडकलेलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, पाणी ओतून दिलं आणि उलटं करून बूड वाचलं. "पाच! म्हणजे हा गरम सोसतो." मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. इतक्या वर्षांत माझ्या त्या आकड्याची कुणी दखल घेतली नव्हती.

तो अभिमान क्षणभरच टिकला. तिनं डोळ्यांवर चष्मा चढवला, हातमोजे घातले, मला मागच्या दाराच्या पायरीवर ठेवलं, माझ्यात मोजून पाणी घेतलं आणि त्यात पांढरे दाणे सोडायला लागली. अरे बापरे! चुलीवर न ठेवता मी आतून तापलो. नाकात झोंबणारी वाफ निघाली. पाणी आधी गढूळ झालं. मग हळूहळू निवत गेलं आणि निवळत गेलं. शेवटी मी आपल्या पोटात पाहिलं. ते हुबेहूब पाण्यासारखं दिसत होतं. रंग नाही, वास नाही, काही नाही. एक घोट पोटात गेला तर घसा जळून माणूस संपेल, असं ते पाणी.

युडेल्कानं तेलाचं पातेलं जवळ ओढलं, रवी हातात घेतली, आणि तेवढ्यात गल्लीभर आरडाओरडा झाला, "गेली! लाईट गेली!"

"आत्ताच जायची होती हिला!" युडेल्का करवादली. हातानं घुसळत बसली तर दुपार जाणार होती. दोन्या फेफाकडे इन्व्हर्टर होता. सगळं सामान तिथं नेऊ का, एवढं विचारून यायचं तिनं ठरवलं. चष्मा आणि हातमोजे काढून अ‍ॅप्रनच्या खिशात कोंबले. पायरीपाशी कोंबड्या घुटमळत होत्या. त्यांनी मला लवंडू नये म्हणून तिनं मला आत आणलं आणि ठेवलं. कुठे ठेवलं? टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर! तिचं लक्ष नव्हतं, मित्रांनो. हाताला सवय होती, हातानं ठेवलं. वर काही झाकलं नाही, एक चिठ्ठीसुद्धा डकवली नाही. लगबगीनं निघून गेली.

मी ओरडलो, "अगं, मला इथं नको ठेवूस!" पण प्लॅस्टिकचं ओरडणं कोण ऐकणार?

आणि पुढचं दार वाजलं.

एलादिओ आला होता. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. नेहमीसारखी टोपी डोक्यावरच. तो खिळ्याला टांगलेला आपला ॲल्युमिनियमचा कानाचा पेला काढून टेबलापाशी आला आणि त्यानं माझा कान धरला. इतकी वर्षं त्या हाताची मी वाट बघायचो. त्या दिवशी वाटलं, हा हात आत्ता लुळा पडला तर बरं! माझं पोट अजून कोमट होतं. "पाणीसुद्धा तापलं की," तो पुटपुटला आणि त्यानं मला तिरकं केलं. मी काय करणार? तिरकं केलं की ओतायचं, एवढंच मला येतं. त्यानं अर्धा पेला भरला, मला खाली ठेवलं, बाहीनं कपाळ पुसलं आणि पेला उचलला.

पेला ओठांपर्यंत आला.

"आशीर्वाद, पपा!"

बाहेरून, कुंपणापलीकडून हाक आली. युडेल्का परत येत होती. दाराशी बापाच्या चपला बघून तिनं हाक दिली असणार. आत तो काय करतोय हे तिला दिसत नव्हतं.

एलादिओ थबकला. पण बोलला नाही. सकाळचा राग अजून तसाच होता. त्यानं दाराकडे पाठ केली, जबडा घट्ट मिटला. पेला तसाच ओठांपासून बोटभर अंतरावर. मी मनातल्या मनात हात जोडले, "बोल रे बाबा! काहीतरी बोल! शिव्या दे तिला, पण बोल!" तो गप्पच. त्याला तहान लागली होती. त्यानं पेला तिरका करायला सुरुवात केली.

"पपा? आशीर्वाद मागतेय मी!" ह्या वेळी तिचा आवाज चिरकला. रडू दाबल्यासारखा.

असा आवाज ऐकून कुठला बाप गप्प राहील? एलादिओचा जबडा सुटला. त्यानं पेला टेबलावर ठेवला आणि दाराकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "देव तुझं भलं करो, पोरी."

तो पुन्हा पेल्याकडे वळला तर पेला फुसफुसत होता. तळाकडून बारीक बुडबुडे उठले, मग भराभर मोठे झाले, आणि काळपट फेस उकळत काठावरून खाली आला. सोडा ॲल्युमिनियमला खातो, मित्रांनो. विस्तव नाही, चूल नाही, आणि पेला खदखदतोय! एलादिओनं छातीवर क्रुसाची खूण केली. "हे काय भूत शिरलं ह्याच्यात!" म्हणत त्यानं पेल्याला हात घातला.

युडेल्का दारात आली. तिनं पेला पाहिला, मला पाहिलं, बापाचा हात पाहिला.

"पपा, हात काढा! प्यायलात? सांगा ना, प्यायलात का?" तिनं त्याला खेचलं, अंगणातल्या पिंपाशी नेलं आणि त्याच्या हातावर पाणी ओतत सुटली. ओततच राहिली. "तोंड उघडा! आ करा! जीभ दाखवा!"

सकाळी गरजणारा तो माणूस लहान मुलासारखा तोंड उघडून उभा राहिला. "नाही गं. थेंबसुद्धा नाही. तू हाक मारलीस ना, म्हणून ठेवला खाली."

ते ऐकून युडेल्का पिंपाला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "आली! लाईट आली!" टाळ्या वाजल्या, कुणाचा तरी रेडिओ सुरू झाला. आमच्या घरात कुणी हललं नाही.

डोळे पुसत ती म्हणाली, "सगळं फेकून देते मी, पपा. तुमचं बरोबर होतं. विषच आहे हे."

एलादिओच्या बोटांवर लाल चट्टे उठले होते. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "फेकू नकोस. सकाळी तुझ्या आईचं नाव घेऊन बोललो ते खोटं होतं. तिनं काही फेकलं नसतं. तिनं आधी विचारलं असतं, ह्यात काय आहे आणि ते कुठे ठेवतेस. मी कधी विचारलंच नाही. आता शिकव मला. माझ्या घरात काय आहे हे मला ठाऊक नको?"

त्या दिवशीचा घाणा तिनं केला नाही. साबणाला सोडा मोजूनमापूनच लागतो, आणि तोललेल्यातला किती सांडला, किती उरला, कुणास ठाऊक. पण रविवारी दोघं मिळून बसले. तिनं निळी धार धरली, त्यानं पांढरी. त्याच्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे लाटा कुठे जाड, कुठे बारीक आल्या. दोन्या फेफा म्हणाली, "ह्याच छान आहेत गं! अगदी आपल्या समुद्रासारख्या, शिस्त नसलेल्या!" एलादिओ गालातल्या गालात हसला.

माझं म्हणाल, तर एलादिओनं फाटकाचा उरलेला लाल रंग मला कानापासून बुडापर्यंत फासला. पोटावर कवटी काढली. ती शेजारच्या बोकडासारखी दिसते, पण समजायचं ते समजतं. आता मी मागच्या खोलीत उंच कपाटात कुलपाआड असतो आणि माझ्यात फक्त सोडा कालवतात. टेबलावर काचेचा नवा जग आला आहे. एलादिओ कपाटाजवळून जातो तेव्हा दोन्ही हात पाठीशी धरतो. मला वाईट वाटतं, हो, खूप वाटतं. तो हात मला अजून हवासा वाटतो. पण त्यानं मला धरू नये, हेच बरं.

मित्रांनो, तुमच्या घरी ज्या बाटलीतून, ज्या भांड्यातून कुणी तहान भागवतं, त्यात ॲसिड, रॉकेल, सोडा असलं काही कधी भरू नका. एका मिनिटासाठीसुद्धा नको. कामाची असली भांडी वेगळी ठेवा, त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, कुलपात ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आम्हा भांड्यांना तोंड असतं, पण सावध करायला त्या तोंडातून शब्द फुटत नाही. कुणी तिरकं केलं की आम्ही ओततो, समोर कुणीही असो.