बाकावर बसला तो आजचा

मित्रांनो, मी एक जुना, एका पायाने लंगडा बाक आहे. माझ्यावर कधी कोणी स्वस्थ बसल्याचं मला आठवतच नाही!

सुताराने मोठ्या हौसेने मला घडवलं, वर थाप मारली आणि म्हणाला, "हत्ती बसला तरी हूं की चूं करायचा नाही." हत्ती काही आला नाही. आले ते प्राध्यापक! माझी नेमणूक झाली पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या कार्यालयात. कुठली पदवी खरी धरायची, हे आत साहेब ठरवायचे आणि बाहेर माझ्यावर लोक चुळबुळत राहायचे. कोणी पाय हलवायचा, कोणी नखं खायचा, कोणी माझीच कड खरवडायचा. त्यात माझा एक पाय अधू झाला. पण मान होता हो मला! "बाकावर बसला तो आजचा," असा कार्यालयाचा नेमच होता. माझ्यावर बसलेल्याचं काम त्याच दिवशी व्हायचं, मग साहेबांचा डबा गार का होईना.

मग कायदा बदलला. आता प्रत्येक शिक्षकाकडे मोठी पदवी हवी. आधीपासून शिकणाऱ्या मुलांना जुनाच नियम राहणार होता, पण त्यासाठी कॉलेजने जुना कायदा संपायच्या आत अर्ज द्यायला हवा होता. शेवटच्या दिवशी ही झुंबड उडाली! आणि नेमक्या त्याच दिवशी नव्या खुर्च्या आल्या. मला उचलून अंगणात ठेवलं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. आत माझी माणसं कशी असतील?

संध्याकाळी दार लागलं, आणि काचकामाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या बाई अर्ज घेऊन धापा टाकत फाटकातून आल्या. वाटेत त्यांची गाडी बंद पडली होती. त्यांनी दार ठोठावलं.

"वेळ संपली, बाई," आतून उत्तर आलं.

बाई मटकन माझ्यावर बसल्या. त्यांनी फोन लावला. "अगं, दार लागलं. नाही, मुलांना इतक्यात सांगू नकोस. आपल्या दोघा उस्तादांचा जन्म भट्टीपुढे गेला, त्यांच्याकडे कुठली आलीय मोठी पदवी? शेवटच्या वर्षाची पोरं गं ती! उद्या त्यांच्या पदवीला कुत्रं विचारणार नाही."

त्यांना हुंदका आवरेना. त्या हलल्या, तसा माझा लंगडा पाय अंगणाच्या फरशीवर वाजू लागला. खट, खट.

साहेब घरी निघाले होते. हा आवाज त्यांच्या कानात मुरलेला. ते थबकले.

"कधी बसलात इथं?"

"खोटं कशाला बोलू? दार लागल्यावर."

हात्तिच्या! एक शब्द कमी बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जुना कायदा आज रात्रीपर्यंत आहे. आणि बाकाचा नेम अजून कोणी मोडलेला नाही. चला आत."

त्या वर्षीची पोरं पदवी घेऊन बाहेर पडली. मी मात्र अजून अंगणातच आहे. ऊनपावसाने फळ्या फुगल्या आहेत. आतल्या खुर्च्या गुबगुबीत आहेत, ते मला मान्य आहे. मित्रांनो, जुनं हलवायचं तर खुशाल हलवा. पण त्याआधी एकदा बघा, त्यावर कोणी बसलेलं तर नाही ना?