सोळा ओळी

नोव्हेंबरातला ड्रेस्डेनचा उजेड राखाडी असतो, आणि अश्विनीच्या मांडीवरची लोकरही त्याच रंगाची होती. खिडकीबाहेर नदीवरचं धुकं, आत सुयांचा बारीक, संथ आवाज आणि त्या दोहोंच्या मध्ये माझी बायको. लांबून पाहिलं की वाटायचं, ती लोकर विणतच नाहीये. बाहेरचं धुकंच बोटांनी ओढून घेऊन त्याला बाह्या आणि गळा देते आहे.

लोकर खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ पेटरसन यांनी आणलेली. त्या बाल्टिक किनाऱ्याकडच्या. त्यांच्या भावाकडे तिकडच्या काटक मेंढ्या आहेत. बर्फाळ वाऱ्यात उघड्यावर राहणाऱ्या, काळ्या तोंडाच्या. त्यांची कोकरं जन्मतः काळीभोर असतात आणि वर्षभरात राखाडी होतात. हे ऐकून अश्विनी म्हणाली होती, "माणसासारखंच की! फक्त यांना तेवढी घाई." त्या लोकरीला रंग दिलेला नव्हता, मेंढीच्या अंगाचं तेल तिच्यात तसंच होतं. फ्राऊ पेटरसन यांनी बजावलं होतं, विणलेलं धुवायचं नाही, धुक्यात टांगायचं, पुरे. मी नाक मुरडलं तेव्हा अश्विनी हसली. "अहो, देवघरातली धाबळी तरी कोण रोज धुतं? लोकर सोवळीच असते."

ती टाके मराठीत मोजायची, ओठांतल्या ओठांत. जर्मन बोलून दमलेल्या दिवसाच्या शेवटी ती मोजणी घरात दिव्यासारखी तेवायची. मी मध्येच काही विचारलं की मोजणी मोडायची आणि ती सुई माझ्यावर रोखायची. "मोजणी अधिकारी, तुम्ही तुमच्या कारखान्यात मोजा. इथे मी मोजते." माझं काम चिपच्या कारखान्यात मोजमापाचंच आहे. केसाच्या हजाराव्या भागाची चूकसुद्धा मी सोडत नाही. घरीही सोडत नसे.

हा स्वेटर आमच्या इराचा, तेव्हा नऊ वर्षांची होती ती. त्याच शरदात अश्विनीचं आजारपण कळलं. मी तिच्या रक्ततपासणीचे आकडे एका तक्त्यात भरत गेलो. ते सुधारत होते आणि त्यांच्या आधाराने मीही. तिला मी दर आठवड्याला तक्ता दाखवायचो. ती मान हलवायची, "छान आहे हो," म्हणायची आणि पुन्हा सुयांकडे वळायची. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. दोन टाक्यांच्या मधे आता इतका वेळ जायचा, की खिडकीबाहेरून एक अख्खी ट्राम निघून जावी. तरी मोजणी चालूच असायची. फेब्रुवारीत ती गेली. माझा तक्ता शेवटपर्यंत बरोबर होता.

स्वेटर राहिला. अंग झालेलं, एक बाही सुईवर, दुसरी सुरूच नाही. मार्चमध्ये फ्राऊ पेटरसन दारात येऊन म्हणाल्या, "द्या, मी पुरा करते." देण्याआधी, सवयीने, मी नमुन्याचा कागद काढला आणि बाहीच्या ओळी मोजल्या. कागदावर मनगटाच्या पट्टीआधी साठ होत्या. बाहीवर शहात्तर. पुन्हा मोजल्या. शहात्तरच.

सोळा ओळी जास्त. मला वाटलं, मोजणी हातून सुटली असणार; जन्मभर जिचा टाका चुकला नाही ती शेवटी कुठे थांबायचं तेच विसरली. तिची ती चूक कुणाच्या नजरेला पडू नये, असं मला मनापासून वाटलं. मी सुई काढली आणि धागा ओढला. जे तिने पाच आठवड्यांत विणलं होतं ते सात मिनिटांत उसवलं. मग साठाव्या ओळीचे टाके एकेक करून सुईवर चढवले. एकही निसटू दिला नाही.

तेवढ्यात इरा शाळेतून आली. पाठीवरचं दप्तर तसंच. टेबलावरच्या धाग्याकडे बघत राहिली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

"बाबा, दास वार फ्यूर श्पेटर."

ते नंतरसाठी होतं.

तिने उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताचं बोट त्याच्यावरून मनगटापर्यंत, मग मनगटाच्याही पुढे, बोटांच्या मधल्या पेरांपर्यंत नेलं. आईने असं मोजलं होतं, ती सांगू लागली, आणि या वेळी मराठीत, आईच्याच शब्दांत. "आत्ता दुमडायची. मग दरवर्षी थोडी थोडी उलगडायची. बाबांना नको सांगूस, ते कागद काढतील."

मी खाली बसलो. माझा तक्ता सुधारत होता त्याच आठवड्यांत खिडकीपाशी बसून ती, आपण नसू अशा हिवाळ्यांची लांबी मोजत होती. आणि तिचा अंदाज बरोबर निघाला होता.

उसवलेला धागा सरळ नव्हता. प्रत्येक टाक्याचं वळण त्यात होतं, बारीक लाटांसारखं. फ्राऊ पेटरसन म्हणाल्या, कोमट पाण्यात भिजवून वजन बांधून टांगलं की सरळ होतो, मग वीण एकसारखी येते. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या, आणि त्याच वळणांच्या धाग्याने सोळा ओळी पुन्हा विणल्या. त्या थोड्या उंचसखल आहेत. हात फिरवला की लागतात. दुसरी बाही त्यांनी शहात्तरचीच केली.

पहिल्या हिवाळ्यात इरा बाही चार बोटं दुमडायची. "क्रात्स्ट," म्हणजे टोचतं, अशी कुरकुर करायची, पण काढायची नाही. पावसात भिजून आली की तिच्या अंगाला मेंढीचा, अश्विनीच्या मांडीचा वास येतो. मी आता काहीच मोजत नाही, एवढी एक दुमड सोडून. या हिवाळ्यात ती दीड बोट उरली आहे. एक दिवस बाही सरळ मनगटावर येईल. तोवर अश्विनी आमच्या पुढे चाललेली आहे. त्यानंतर मात्र ती मागे राहील, आणि इराच्या वाढीचं प्रत्येक बोट तिने आधी न मोजलेलं असेल.