शेळीला रागवावं कसं

सकाळचा उजेड गोठ्यात एकदम शिरत नसे. भिडस्त पाहुण्यासारखा आधी तो फळ्यांच्या फटीशी घोटाळायचा, मग भिंतीवर सायीसारखा पातळ पसरायचा. चाऱ्याच्या काडीकाडीवर टेकत, शेळीच्या पाठीवरच्या केसांची टोकं उजळत, शेवटी तो रिकाम्या चरवीच्या तळाशी येऊन थांबायचा. हे सारं शेळीपाशी धार काढायला बसणाऱ्या त्या माणसाला बारकाईनं ठाऊक होतं, कारण चरवी बहुधा रिकामीच असे आणि तळाकडे पाहण्यावाचून त्याला दुसरा उद्योग नसे.

आईला झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून धार काढण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. ‘थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे,’ असं तो विचारील त्याला सांगे. पण शेळी पान्हा चोरत होती. पूर्वी तिच्या बरगड्यांना कपाळ टेकवून आई तिला शिव्यांची लाखोली वाही, आणि मगच धारा सुटत. आता आई दारातून ओरडली, तर शेळी मान वळवून तिची वाट पाहत राही. धार काढणाऱ्यानंच जवळ बसून रागवायला हवं होतं, आणि तो तर ग्रंथालयात कामाला. तिथली ‘शांतता राखा’ ही पाटी याच्याकडे पाहूनच रंगवली असणार, असं आईचं मत.

“कास दगड झालीय बघ,” आई दारातून म्हणाली. “आज मोकळी झाली नाही तर बिघडेल. मग मी देऊन टाकीन तिला.”

त्यानं घसा साफ केला. “हे वागणं काही बरं नव्हे,” तो शेळीला म्हणाला.

“अरे, रागावतोयस की अर्ज करतोयस? भवाने म्हण! टवळे म्हण!”

“शेजारी ऐकतील गं.”

“ऐकू देत. इतकी वर्षं त्यांना मीच उठवत आलेय.”

“भवाने,” तो पुटपुटला, आणि सवयीनं पुढे म्हणाला, “माफ कर.” शेळीनं चरवी लाथाडली. निघालेले चार थेंब त्याच्या विजारीनं प्याले.

“राहू दे,” तो म्हणाला. “तुझा हात बरा झाला की तूच...”

आई चहाचं आधण ठेवायला आत गेली. क्षणभरानं पातेलं फरशीवर आदळल्याचा आवाज आला, मग पाणी सांडल्याचा, मग कशाचाच नाही. शेळी दाराकडेच पाहत होती.

त्यानं तिच्या बरगड्यांना कपाळ टेकवलं.

“कुणासाठी चोरून ठेवतेस, टवळे?” तो ओरडला. “ती यायची नाही आता! मी आहे, मीच! माझ्यावरच भागव, भवाने!”

स्वतःच्या आवाजानं तो दचकला. पण सड बोटांत मऊ पडले होते आणि चरवीत धार वाजू लागली होती.

दूध गाळून, उकळून त्यानं चहात घातलं. आईनं डाव्या हातानं कप उचलला. चहा थोडा हिंदकळला.

“आवाज आहे की तुला,” ती म्हणाली. “उद्यापासून लवकर ऊठ.”

“उद्याही मीच?”

“रोज.”

त्यानं नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईचा हात बरा होणार नव्हता.